मांडूळ अथवा दुतोंड्या साप

नांगरटीच्या दिवसांत तासाच्या मागून चालणाऱ्या माणसास उलटलेल्या ढेकळांतून एखादें जाडसर, तांबूस, काठीच्या तुकड्यासारखें जनावर हळूच सरकतांना दिसतें. त्यास घाई नसते, फूत्कार नसतो, फणा तर नसतोच. दोन्ही टोकें सारखींच बोथट असल्यामुळें तोंड कोणतें व शेपूट कोणतें हें पहिल्या नजरेस उमगत नाहीं. हेंच मांडूळ. पूर्वीं अशा वेळीं दोनांपैकीं एक गोष्ट घडे. कोणी 'साप, साप' म्हणून त्याच्या पाठींत कुदळ घाली, नाहीं तर एखादा जाणता म्हातारा 'जाऊं द्या, गरीब आहे बिचारें' असें म्हणून त्यास बांधाकडे वाट करून देई. अलीकडे तिसरीच गोष्ट घडूं लागली आहे. कोणी तरी खिशांतून मोबाईल काढतो, जनावराचें छायाचित्र घेऊन कोणास तरी पाठवितो, आणि सायंकाळच्या आंत वस्तीवर अनोळखी मोटार येऊन उभी राहते.

या तिसऱ्या गोष्टीमुळेंच हा लेख लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटलें. परंतु मोटारींतल्या पाहुण्यांचा विचार मागाहून करूं. हा प्राणी कोण, तो खातो काय, आणि आपल्या शेताशीं त्याचा संबंध कोणता, हें अगोदर पाहिलें पाहिजे; कारण ज्यास जनावराची खरी ओळख आहे त्यास त्याच्या नांवावर फसविणें सोपें जात नाहीं.

शास्त्रांत या सापास 'एरिक्स जॉनी' असें नांव आहे. पॅट्रिक रसेल नांवाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरच्या स्कॉटिश वैद्यानें इ. स. १८०१ मध्यें त्याचें पहिलें शास्त्रीय वर्णन केलें. तरंगंबाडी येथील डॅनिश वसाहतींत राहणारे जॉन नांवाचे मिशनरी निसर्गाचे अभ्यासक होते. त्यांच्या सन्मानार्थ तें नांव पडलें. मौज अशी कीं, आपल्याकडील अत्यंत जहाल अशा घोणस सापाच्या शास्त्रीय नांवांत याच रसेलचें नांव गोंविलेलें आहे. विषारी साप कोणते व बिनविषारी कोणते हें लोकांस ओळखतां यावें, यासाठींच त्यानें सर्पांचा अभ्यास आरंभिला होता.

मांडूळ हें अजगराच्या दूरच्या नात्यांतलें. पूर्ण वाढलेल्या मांडुळाची लांबी साधारणतः अडीच फूट, म्हणजे पाऊण मीटरच्या आसपास असते; क्वचित् एखादें मीटरभर किंवा थोडें अधिकही भरतें. रंग तांबूस तपकिरी, कोठें पिवळसर, तर कोठें काळपट. खवले बारीक, गुळगुळीत व तकतकीत असल्यामुळें ओली माती अंगास फारशी चिकटत नाहीं. मान अशी वेगळी दिसतच नाहीं. नाकाडाचा पुढील भाग नांगराच्या फाळासारखा चपटा व धारेचा असून त्याच्या बळावरच तें भुसभुशीत मातींत शिरतें. खालचा जबडा वरच्या जबड्याच्या आंत बसलेला, त्यामुळें माती ढोसतांना ती तोंडांत जात नाहीं. डोळे अगदीं लहान व बाहुली उभी, म्हणजे रात्रीं हिंडणाऱ्याची. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंस बारीक नख्या असतात. सर्पांच्या पूर्वजांस जे मागचे पाय होते त्यांचा तो अवशेष आहे. नरांत या नख्या अधिक ठळक असतात.

आतां दुसऱ्या तोंडाविषयीं. 'हा साप सहा महिने एका तोंडानें चालतो व सहा महिने दुसऱ्या तोंडानें' ही समजूत आमच्या लहानपणापासून आम्ही ऐकत आलों आहों. खरें पाहतां दुसरें तोंड म्हणजे निव्वळ आंखूड व बोथट शेपूट होय. मांडुळास डिवचलें तर तें डोकें वेटोळ्याखालीं दडवितें व शेपूट डोक्याप्रमाणें वर उचलून हालवितें. शत्रूनें घाव घातलाच तर तो शेपटावर पडावा अशी ही निसर्गाची योजना आहे. अमेरिकेंत 'रबर बोआ' नांवाचा याचाच एक भाईबंद आहे. तो उंदराच्या बिळांतील पिलें गिळीत असतांना त्यांच्या आईचे चावे अशाच बोथट शेपटावर झेलतो, असें तेथील अभ्यासकांनीं पाहिलें आहे. गारुड्यांनीं या साध्या गोष्टीचा चांगला धंदा केला. शेपटाच्या टोंकास चिरा पाडून किंवा डाग देऊन डोळ्यातोंडाचा आभास उत्पन्न करावयाचा व तें मुकें जनावर गांवोगांव दाखवीत हिंडावयाचें, हा प्रकार आपल्या देशांत पिढ्यानुपिढ्या चालला.

मांडुळास कोरडा मुलूख मानवतो. राजस्थान व गुजराथेपासून दख्खनच्या अवर्षणी टापूंतून दक्षिणेपर्यंत तें आढळतें. पश्चिमेस पाकिस्तान व इराणपर्यंत त्याचा प्रसार आहे. हलकी, पोयट्याची, वाळुसर, मुरमाड अशी जमीन त्याच्या विशेष आवडीची. दिवसां तें मातीखालीं, बांधाच्या दगडांत किंवा उंदरांच्या जुन्या बिळांत पडून असतें व अंधार पडल्यावर बाहेर येतें. त्यास विष मुळींच नाहीं. भक्ष्य जवळून जाऊं लागलें म्हणजे एकदम तोंडांत धरावयाचें, अंगाभोंवतीं विळखे घालून आवळावयाचें, आणि मग डोक्याकडून गिळावयाचें, ही त्याची रीत अजगराचीच आहे. बाहेरचे कान त्यास नाहींत. पण मातींत टेकलेल्या जबड्यावाटें उंदराच्या पावलांचा कंपही त्यास कळतो.

उंदीर हेंच त्याचें मुख्य अन्न आहे, आणि येथेंच त्याचा व आपला संबंध जुळतो. बिळांत कणसांची कोठारें करणारा घुशीच्या जातीचा मोठा शेतउंदीर आपल्यापैकीं कोणास ठाऊक नाहीं? त्याच्या मादीचें गर्भारपण अवघें तीन आठवड्यांचें. एका वेतास सहा-आठ पिलें सहज होतात, व तीं पिलें तीन महिन्यांच्या आंतबाहेर स्वतः वितात. पाण्याखालच्या पिकांत हें रहाटगाडगें बहुधा वर्षभर चालू असतें. घुबड, मुंगूस, मांजर हे बाहेर पडलेला उंदीर मारतात. बिळाच्या आंत जाऊन पाळण्यांतलीं पिलें खाणारे शत्रू मात्र थोडे. धामण व नाग बिळांत जातात. मांडूळ तर मातींतलेंच राहणारें.

तथापि आम्हांस अतिशयोक्ति करावयाची नाहीं. मांडूळ फार खादाड नव्हे. पाळलेल्या मांडुळांवरून पाहतां पोटभर खाल्ल्यावर तें दहा-पंधरा दिवस स्वस्थ राहतें, व थंडींत तर पुष्कळदां अन्नास शिवतही नाहीं. म्हणजे वर्षाकाठीं वीस-पंचवीस वेळां तें खात असेल. एका मांडुळानें शेतांतले उंदीर नाहींसे होतील असें जो म्हणेल तो चुकतो. परंतु त्या वीस-पंचवीस वेळांपैकीं कांहीं वेळां जरी त्यास पिलांनीं भरलेलें बीळ सांपडलें, तरी पुढें किती तोंडें कमी झालीं याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा. या नोकरास पगार नाहीं, वैरण नाहीं, आणि घुबडास पोहोंचतें तसें विषारी आमिषाचें काम त्याच्यामुळें वाढत नाहीं, उलट थोडें हलकेंच होतें.

मांडूळ अंडीं घालीत नाहीं; जिवंत पिलें प्रसवतें. एका वेळीं साधारण सहा ते आठ, कधीं त्याहून अधिक. पिलांचा रंग नारिंगी-तांबूस असून अंगाच्या मागील भागावर, विशेषतः शेपटाकडे, काळसर पट्टे असतात. वय वाढेल तसे ते पुसट होतात. पिलें जन्मल्याबरोबर आपापल्या वाटेनें मातींत शिरतात, आईचा व त्यांचा पुढें संबंध नाहीं. तीं वयांत येण्यास कांहीं वर्षें लागतात, आणि मादी वर्षांत एकदांच, पुष्कळदां त्याहूनही कमी, विते. उंदीर व मांडूळ यांच्या वाढीच्या वेगांतला हा फरक ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. एका टापूंतलीं मोठीं मांडुळें उचलून नेलीं तर तेथील उंदरांस वाढण्यास वाव मिळतो. मांडुळें मात्र लवकर भरून येत नाहींत.

ओळखीच्या बाबतींत एक इशारा देणें जरूर आहे. मांडुळाचाच सख्खा भाऊ डुरक्या घोणस. तो अधिक आंखूड व जाड, खवले खरखरीत, अंगावर वेडेवांकडे गडद ठिपके, शेपूट निमुळतें. तोही बिनविषारी, मात्र चिडखोर असून चावतो. परंतु खरी घोणस दूरून यासारखीच भासते, आणि तिच्या दंशानें माणूस दगावतो. घोणशीच्या अंगावर लांबट गोल ठिपक्यांच्या तीन सरळ रांगा साखळीसारख्या असतात, डोकें त्रिकोणी व मान बारीक असते, आणि कुकरच्या शिटीसारखा मोठा फूत्कार ती टाकते. कोंकणांत व माळरानावर फुरसें असतें, तेंही लहान व मातीच्या रंगाचें. आपल्या देशांत सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानें सुमारें बारा लक्ष माणसें मृत्यु पावलीं असा अभ्यासकांचा अंदाज आहे, व त्यांत खेड्यांतील शेतकरीवर्गच मोठा. तेव्हां 'हें मांडूळच असावें' एवढ्या भरंवशावर कोणींही कोणत्याही सापास हात लावूं नये. ओळख पटली तर त्यास सोडून द्यावें. न पटली तर दोन हात दूर राहावें.

आतां बंदिवासांतील मांडुळाविषयीं. युरोप-अमेरिकेंत मांडुळाच्या वर्गांतले साप, विशेषतः आफ्रिकेंतील एक लहान जात, हौसेनें पाळतात व त्यांची वीणही घेतात. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वयें मांडूळ पकडणें, बाळगणें, विकणें व विकत घेणें हे सर्व गुन्हे आहेत. प्राणिसंग्रहालयें, सर्पोद्यानें व सुटका केलेल्या प्राण्यांचीं केंद्रें यांनाच परवानगीनें तें ठेवतां येतें. मग शेतकऱ्यानें ही माहिती वाचावी कशाला, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, अज्ञानानें जें हाल या जनावराचे होतात ते पाहिल्यावर आम्हांस गप्प बसवत नाहीं.

जाणकार ठेवणारे मांडुळास अशा रीतीनें ठेवितात. सुमारें तीन फूट लांब व दीड फूट रुंद पेटी, झांकण घट्ट पण हवा खेळती. तळाशीं चार ते सहा इंच कोरडी, चाळलेली, वाळूमिश्रित माती. कारण जें जनावर जन्मभर मातींत राहिलें त्यास उघड्यावर ठेवणें म्हणजे त्याचा छळच. पेटीची एक बाजू उबदार, सुमारें ३२ अंश सेल्सिअस, व दुसरी २५-२६ अंश, म्हणजे सापानें आपल्या सोईप्रमाणें जागा बदलावी. सापाचें रक्त स्वतः तापत नाहीं. ऊब नसेल तर खाल्लेलें पचत नाहीं व पोटांत कुजतें. पाण्याची उथळ वाटी जड असावी, व ती सांडून माती भिजूं देऊं नये. ओल हा बंदिस्त मांडुळाचा मोठा वैरी आहे. ओलीनें पोटाच्या खवल्यांवर फोड येतात, छातींत कफ होतो, तोंडांत पू होतो.

अन्न म्हणून मारलेला उंदीर दहा ते चौदा दिवसांनीं एकदां देतात, आणि तो सापाच्या अंगाच्या जाडीहून फार मोठा नसावा. जिवंत उंदीर पेटींत सोडीत नाहींत. सापास भूक नसेल तर उंदीरच त्यास कुरतडतो. खाल्ल्यावर दोन दिवस त्यास हात लावीत नाहींत, नाहीं तर तें ओकून टाकतें. डोळे दुधाळ दिसूं लागले कीं कात टाकण्याची वेळ आली असें समजून त्यास एकटें सोडतात. नवीन पकडलेलें मांडूळ कित्येक आठवडे कांहींच खात नाहीं, व जन्मलेलीं पिलें पहिल्या भक्ष्याकडे पुष्कळदां पाठ फिरवितात. येथें सबूरी लागते. ज्यांच्यापाशीं ती नाहीं ते जबरीनें तोंडांत कोंबतात आणि जनावर गमावतात.

आमच्या ओळखीच्या एका बागाईतदारानें मळ्यांत सांपडलेलें मांडूळ प्लॅस्टिकच्या पिंपांत ठेविलें होतें. कोणी तरी वजन वाढविण्यास सांगितलें, म्हणून रोज दूध, मधून अंडीं, व पिंपांत ओली माती. साप दूध पचवूं शकत नाहीं. तहानेनें व्याकुळ झालेला साप दिसेल तें पातळ पितो, इतकेंच. तिसऱ्या आठवड्यांत तें मांडूळ तोंड उघडें टाकून मेलें. गृहस्थ मनाचा वाईट नव्हता. त्यास पोरीच्या लग्नाचें कर्ज होतें, आणि वजन अडीच किलो झालें म्हणजे सारें फिटेल अशी आशा त्यास लावून दिली होती.

या अडीच किलोंतच सारी मेख आहे. गुप्तधन दाखवितें, असाध्य रोग बरे करितें, घरांत लक्ष्मी आणतें, परदेशांत त्यास कोट्यवधींची मागणी आहे, अशा कल्पना पसरविल्या गेल्या आहेत. यांपैकीं एकीसही कसला आधार नाहीं. मांडुळाच्या मांसांत, कातड्यांत वा रक्तांत कोणतें औषध असल्याचें सिद्ध झालेलें नाहीं. आणि अट नेहमीं वजनाची. आतां साधारण वाढलेलें मांडूळ किलोच्या आंतच भरतें. थोर मादी त्याच्या थोडी वर जाते. म्हणजे अट अशी घातलेली असते कीं ती बहुधा पुरी होऊंच नये. सौदा मोडला तरी मधल्या मधल्यांचें कांहीं बिघडत नाहीं. त्यांनीं 'तपासणी'च्या, 'यंत्रा'च्या, 'कंपनीच्या साहेबा'च्या नांवावर अगोदरच हात धुऊन घेतलेले असतात. शेवटीं पोलिसांच्या हातीं लागतो तो ज्याच्या घरांत पिंप आहे तो.

वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी-इंडिया या संस्थेनें सन २०१६ ते २०२१ या काळांत वर्तमानपत्रांत आलेल्या हकीकती एकत्र केल्या, तेव्हां मांडुळें पकडून जप्त झाल्याचे १७२ प्रकार देशभरांत आढळले. त्यांपैकीं ५९, म्हणजे सर्वांत अधिक, एकट्या महाराष्ट्रांतले. हे केवळ उघडकीस आलेले. आपल्या प्रांतास हा पहिला क्रमांक भूषणावह नाहीं. जप्त झालेलीं मांडुळें पुढें सुटतात खरीं, पण तीं कोणत्या शिवारांतून आणलीं हें कोणी सांगत नाहीं; परक्या मुलखांत सोडलेल्या सापास बीळ, पाणी व आसरा नव्यानें शोधावा लागतो, व पुष्कळ त्यांत टिकत नाहींत. सन २०२२ मध्यें वरील कायद्यांत दुरुस्ती होऊन शिक्षा अधिक कडक झाल्या, ती दुरुस्ती ता. १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आहे. कारावास व दंड या दोन्हींची त्यांत तरतूद आहे, आणि 'मला ठाऊक नव्हतें' हें उत्तर न्यायालयांत चालत नाहीं.

तेव्हां नांगरापुढें मांडूळ आलें तर करावें काय? ट्रॅक्टर असो वा बैल, क्षणभर थांबवावे. तें मंद असलें तरी आपण होऊन बांधाकडे किंवा न नांगरलेल्या मातींत शिरतें. विहिरींत, पाइपांत किंवा घरांत अडकलें असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वनकार्यालयास कळवावें. तोंवर दुरून त्यावर पाटी पालथी घालून सावली करावी, आणि पोरांस दूर ठेवावें. दूध, हळदकुंकू, छायाचित्रें यांपैकीं कशाचीही गरज नाहीं. छायाचित्र तर पाठवूंच नये. मोटार येते ती त्याच्याच मागावर.

रोटाव्हेटरचें पातें मात्र थांबून पाहत नाहीं, व त्याखालीं किती मांडुळें जातात याची नोंद कोणापाशींच नाहीं. ज्यांच्या शेतास रुंद बांध आहे त्यांनीं तो पुरता उकरून काढूं नये. हातभर रुंदीची पट्टी दगड व गवतासह तशीच राहूं द्यावी. बांध पोखरतात ते उंदीर, आणि त्यांच्या मागें बिळांत उतरणारें मांडूळही त्याच बांधांत राहतें.